आटणीच्या आधी: जुनं सोनं मोडून आपल्या आवडीचा दागिना घडवून घेताना

जुने दागिने मोडून नवा करायचा म्हटलं की बहुतेक घरांत क्रम उलटा होतो. डबा उचलून सराफाकडे जायचं, तिथे सगळं आटवायचं, आणि लगड (वितळवून ओतलेला सोन्याचा तुकडा) समोर आल्यावर विचार करायचा की आता यातून करायचं काय. मग दुकानातल्या ट्रेमध्ये जे बरं दिसेल ते पसंत होतं. लग्नाच्या दोन कार्यांत ते मिरवतं आणि पुन्हा लॉकरमध्ये जातं. घडणावळ गेली, कर गेला, वजनातली घट गेली आणि आवडीचं काही हाती लागलंच नाही.

सोनं एकदा मुशीत (वितळवायच्या भांड्यात) वितळलं की जुना दागिना परत येत नाही आणि तुमचा घासाघीस करायचा आधारही संपतो. म्हणून जेवढे निर्णय घेता येतील तेवढे आटणीच्या आधी घ्यायचे. खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. एखादा टप्पा झटपट उरकेल, एखाद्याला महिना लागेल. क्रम मात्र मोडू नका.

टप्पा 1: स्वतःची आवड अंगावरून ओळखा

फोटो बघून आवड ठरवू नका. घरातले सगळे दागिने, बेन्टेक्सचेसुद्धा, एका चादरीवर मांडा आणि त्यांचे दोन गट करा: गेल्या वर्षभरात घातलेले आणि न घातलेले. सोनं किती, किंमत किती हे या घडीला विसरा. मग प्रत्येक न घातलेल्या दागिन्याचं कारण एका वहीत लिहा. ‘आवडत नाही’ एवढं लिहून भागणार नाही. काय आवडत नाही ते लिहा: फासा एकट्याने लागत नाही, कडा टोचतात, साडीत अडकतो, कान ओढला जातो, गळ्यालगत घट्ट बसतो, पिवळा फार भडक वाटतो, लांबी ड्रेसवर विचित्र दिसते.

ही यादी झाली की आवड आपोआप समोर येते. वर्षभर घातलेल्या दागिन्यांत बहुधा एक धागा सापडतो. सगळे हलके असतात, किंवा सगळे गळ्यालगतचे असतात, किंवा सगळ्यांना खडे नसतात. ज्या बाईला ठुशी आवडते तिला मोहनमाळ आवडेलच असं नाही. एकीला गळ्याला बिलगणारं हवं असतं, दुसरीला पोटापर्यंत रुळणारं. हा फरक लहान वाटतो, पण नव्या दागिन्याचं नशीब त्यावर ठरतं.

वजनाचा अंदाज घ्यायला एक सोपी युक्ती आहे. 10 रुपयांचं नाणं सुमारे पावणेआठ ग्रॅमचं असतं. प्रत्येक कानात 8 ग्रॅमचे झुमके करायचे मनात असेल तर असं एक नाणं तळहातावर घ्या आणि हे वजन चार तास कानाच्या पाळीवर राहणार आहे असं समजा. एवढं करूनच पुष्कळ जणी वेल लावायचं किंवा झुमका पोकळ करायचं ठरवतात.

तपासा: नव्या दागिन्याबद्दल तीन वाक्यं लिहिता येतात का? कुठे घालणार, कशावर घालणार, एकट्याने घालता-काढता येईल का? येत नसतील तर अजून सराफाकडे जाऊ नका.

टप्पा 2: काय मोडायचं आणि काय राखायचं

दागिना न घालण्याची जी कारणं वहीत आली, त्यातली निम्मी दुरुस्तीने मिटण्यासारखी असतात. फासा बदलता येतो. बोरमाळ किंवा पुतळीहार पटवेकऱ्याकडे नेऊन नव्याने गाठवून घेता येतो, लांबी कमी-जास्त करता येते, काळपट दोरा जाऊन नवा गोंडा येतो. तोड्यांचा पेच बसवून घेता येतो. पॉलिशने काळवंडलेपण जातं, मात्र पॉलिशमध्ये थोडं सोनंही जातं, म्हणून पॉलिशच्या आधी आणि नंतर वजन करून घ्या.

मोडायला काढण्याआधी या गोष्टी बाजूला ठेवा:

हाताने घडवलेले जुने नग. कोल्हापुरी साजाची पानं, वजरटिकेचे मणी, ठशावर उठवलेल्या जुन्या पुतळ्या, शिंदेशाही तोडे. आज तसंच हातकाम करून घ्यायचं तर घडणावळ भारी पडते आणि तो कारागीर सापडेल याची खात्री नाही. मोडीत मात्र या हातकामाला शून्य किंमत मिळते.

खऱ्या मोत्यांच्या नथा, चिंचपेटी, तन्मणी. यांत सोनं थोडं आणि किंमत मोत्यांत. सोन्याच्या भावात द्यायचा हा नगच नव्हे. मोती जुने नैसर्गिक असतील असं वाटलं तर रत्नं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आधी तपासून घ्या.

कुंदन, पोलकी, जडाऊ. यांच्या वजनात लाख (पोकळीत भरायची राळ), काच आणि खडे भरपूर असतात. मोडीत हाती लागतं ते अपेक्षेपेक्षा फारच कमी.

अगदी हलके नग. दीड-दोन ग्रॅमची बुगडी किंवा अंगठी मोडून फारसं काही साधत नाही. ती नातीसाठी राहू द्या.

मोडायला उत्तम ते यंत्रावर बनलेल्या साखळ्या, एकसारखे छापाचे हार, तुटलेल्या बांगड्या, जोडी हरवलेलं एकुलतं कानातलं, कंगोरे झिजलेल्या सपाट अंगठ्या.

सावधान: घरातल्या दुसऱ्या कुणाचा हक्क किंवा भावना गुंतलेली असेल तर त्या माणसाशी आत्ताच बोला. सासूबाईंनी दिलेल्या पाटल्या मोडल्याचं त्यांना नव्या हारावरून कळणं ही फार वाईट वेळ असते.

टप्पा 3: धातू आणि खडे ठरवा

मराठी घरांत दागिना म्हणजे 22 कॅरेट पिवळं, हे गृहीतच असतं. साध्या सोन्याच्या पाटल्या, गोठ, बोरमाळ यांना ते शोभतंही. पण खडा नख्यांत पकडायचा असेल, रोजच्या वापराची अंगठी असेल किंवा नाजूक जाळीचं कानातलं असेल, तर 18 कॅरेटचा विचार करा. 22 कॅरेट सोनं मऊ असतं, नख्या वाकतात आणि खडा कधी पडला ते कळतही नाही. 22 कॅरेटमध्येच खडा हवा असेल तर बंद कोंदणात बसवा.

गुलाबी सोन्यात तांब्याचं प्रमाण जास्त असतं. पांढऱ्या सोन्यावर बहुधा रोडियमचा मुलामा असतो; तो झिजला की खालचा पिवळसर रंग दिसतो आणि दर काही काळाने पुन्हा मुलामा द्यावा लागतो. कान-मानेला खाज येत असेल तर मिश्रणात निकेल आहे का ते आधीच विचारा. आणि जुन्या पिवळ्या मोडीतून पांढरं सोनं करून घेण्याचा हट्ट धरू नका. ती मोड मोजून द्या आणि पांढरा दागिना वेगळा घ्या. हिशेब स्वच्छ राहतो.

खड्यांच्या बाबतीत आवड आणि टिकाऊपणा यांची गाठ घालावी लागते. आपल्या घरातल्या धुळीत वाळूचे कण असतात, त्यांचा कठीणपणा मोह्स (Mohs) या 1 ते 10 च्या मापावर 7 च्या आसपास. त्याहून मऊ रत्न रोज वापरलं तर ते ओरखडतंच. मोती साधारण 2.5 ते 4.5, पोवळं 3 ते 4. म्हणून ही दोन्ही रोजच्या अंगठीत घालू नका, कानात किंवा गळ्यात घाला. माणिक आणि नीलम 9, हिरा 10. हे अंगठीत चालतात. पाचू साडेसात ते आठच्या घरात असला तरी त्यात नैसर्गिक भेगा असतात आणि त्या बहुधा तेलाने किंवा राळेने भरलेल्या असतात. त्याला धक्का, उष्णता आणि अल्ट्रासॉनिक यंत्राची धुलाई तिन्ही सोसत नाहीत. पाचूची अंगठी करायचीच तर कडेने सोन्याची भिंत असलेली करा.

जुने खडे पुन्हा वापरायचे असतील तर ते आटणीच्या आधी, तुमच्यासमोर, एकेक काढून घ्या. मोजा, फोटो काढा, कागदाच्या पुडीत बांधून स्वतःच्या पर्समध्ये ठेवा. कारागिराला जडवायला देताना पुन्हा मोजून द्या आणि पावतीवर संख्या व वजन लिहून घ्या. वजन कॅरेटमध्ये लिहायला सांगा. रत्तीचं माप दुकानागणिक बदलतं. 5 कॅरेट म्हणजे 1 ग्रॅम एवढं लक्षात ठेवलं की खड्यांचं वजन सोन्यात मिसळलंय का ते लगेच ताडता येतं.

नवा महागडा खडा घेत असाल तर त्याचा प्रयोगशाळेचा दाखला मागा, आणि माणिक असेल तर भेगांत काच भरलेली नाही ना, हे दाखल्यावर वाचा. असे माणिक दिसायला झकास असतात, पण कारागिराच्या गॅसच्या ज्योतीने किंवा साध्या आम्लानेही खराब होतात.

टप्पा 4: मापं

बांगडीच्या मापात सर्वांत जास्त गोंधळ होतो. 2-4 म्हणजे दोन इंच आणि चार सोळांश, म्हणजेच सव्वादोन इंच. 2-8 म्हणजे अडीच. कुणी हे 2.4 असं लिहिलं आणि कारागिराने दशांश समजून घेतलं तर बांगडी मोठी होते. म्हणून मिलिमीटरमध्ये आतला व्यास लिहून द्या: 2-4 ला सुमारे 57, 2-6 ला सुमारे 60, 2-8 ला साडेत्रेसष्ट. रुंद पाटली आणि कडं यांना बांगडीपेक्षा थोडं सैल माप लागतं, कारण रुंद पट्टी मनगटाच्या हाडावरून सहज सरकत नाही. सर्वांत खात्रीचं माप म्हणजे नीट बसणारी स्वतःची पाटली सोबत नेणं.

अंगठीचं माप संध्याकाळी घ्या. सकाळी बोटं थोडी बारीक असतात. पेर जाड असेल तर पेरावरून उतरणारं माप धरा. हार आणि मंगळसूत्रासाठी दोरा गळ्यात घालून, ज्या गळ्याचं पोलकं किंवा कुर्ता घालणार आहात तो घालूनच, आरशासमोर लांबी ठरवा. त्या दोऱ्याला गाठ मारून तोच दोरा सराफाला द्या.

टप्पा 5: घरची नोंद आणि स्वतंत्र तपासणी

सराफाच्या काट्यावर पहिल्यांदाच वजन कळायला नको. घरी किंवा ओळखीच्या ठिकाणी प्रत्येक नगाचं वेगळं वजन करा. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. शिक्का असेल तर भिंगातून वाचा: 916 म्हणजे 22 कॅरेट, 833 म्हणजे 20, 750 म्हणजे 18, 585 म्हणजे 14.

जुन्या दागिन्यांवर शिक्का नसतो, किंवा असला तरी तो दुकानाचा स्वतःचा असतो. अशा वेळी बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) मान्यतेच्या हॉलमार्किंग केंद्रात, म्हणजे शुद्धतेचा अधिकृत शिक्का मारतात तिथे, ग्राहक स्वतः जाऊन सोन्याचा कस (शुद्धता) तपासून घेऊ शकतो. सरकारने 2022 साली जाहीर केलेला दर 4 नगांपर्यंत 200 रुपये आणि 5 किंवा जास्त असतील तर नगामागे 45 रुपये असा आहे. नव्या दागिन्याच्या खर्चापुढे ही रक्कम काहीच नाही, तरी हा टप्पा जवळपास सगळेच गाळतात.

इथे एक मर्यादा समजून घ्या. एक्सआरएफ यंत्र, ज्याला दुकानात कॅरेटमीटर म्हणतात, ते फक्त वरच्या पातळ थराचा कस सांगतं. दागिन्यावर मुलामा असेल तर आकडा चढतो, आणि डाक (सांधा जोडायचा कमी कसाचा धातू) लावलेल्या सांध्यावर रोखलं तर आकडा पडतो. जुन्या दागिन्यात डाक जास्त असायचा, त्यामुळे एका जागी 91 टक्के आणि दुसऱ्या जागी 84 टक्के दिसणं नवलाचं नाही. म्हणून एका नगाच्या किमान तीन-चार जागा तपासायला सांगा. हा आकडा अंदाजाचा. खरा आकडा आटवलेल्या लगडीवर मिळतो.

तपासा: आता तुमच्या वहीत प्रत्येक नगाचं वजन, खडे किती, लाख आहे का आणि कसाचा अंदाज, हे चारही रकाने भरलेले असले पाहिजेत.

टप्पा 6: पेढीला आधी विचारायचे प्रश्न

किमान दोन पेढ्यांत जा आणि डबा घरी ठेवून जा. दागिने सोबत असले की निर्णय घाईत होतो. विचारायचं ते हे:

आटणी माझ्यासमोर होईल का? नाही म्हणाले, किंवा ‘वर्कशॉपला पाठवतो, उद्या सांगतो’ म्हणाले, तर पुढची पेढी बघा.

कसानुसार पैसे देता की कॅरेटच्या पायरीनुसार? यावर पुढे सविस्तर आहे, कारण सर्वांत मोठा खड्डा इथेच आहे.

आटणी आणि तपासणीनंतर आणखी घट कापता का? किती, आणि कशाबद्दल?

मोडीचा भाव आणि नव्या सोन्याचा भाव एकच धरणार का?

घडणावळ टक्क्यात की ग्रॅममागे? टक्क्यात असेल तर सोन्याचा भाव चढला की कामात काही फरक न पडता मजुरी चढते. साध्या पाटल्यांसाठी ग्रॅममागे ठरलेली मजुरी बहुधा परवडते.

आणि महत्त्वाचं: हा व्यवहार मोड देऊन नवा दागिना घेण्याचा आहे की माझ्याच सोन्याचा दागिना घडवून देण्याचा? पहिल्यात नव्या दागिन्याच्या घडणावळीसकट पूर्ण किमतीवर 3 टक्के जीएसटी लागतो आणि त्यानंतर मोडीची रक्कम वजा होते. दुसऱ्यात सोनं तुमचंच असल्यामुळे फक्त मजुरीवर 5 टक्के लागतो. मोठ्या वजनाच्या दागिन्यात हा फरक चांगलाच जाणवतो. मात्र दुसरा मार्ग घेतला तर तुमची लगड वेगळी ठेवली जाईल, तिचं वजन आणि कस पावतीवर येईल, आणि घडवलेला दागिना हॉलमार्क होऊन मिळेल, हे लेखी घ्या. अनेक मोठ्या पेढ्या हे काम घेत नाहीत. गावातले जाणते सोनार घेतात.

टप्पा 7: आटणी

सकाळच्या वेळी जा, दुकानात गर्दी नसताना. सोबत एक माणूस असू द्या, एकाने काट्याकडे आणि दुसऱ्याने वहीकडे बघायचं.

1. रिकामा काटा शून्यावर आहे का बघा. पंखा बंद किंवा काट्याला काचेची पेटी असावी. ग्रॅमच्या दशांश चिन्हापुढे तीन आकडे दिसले पाहिजेत.

2. दोरे, गोंडे, काळे मणी, खडे, स्प्रिंगा, पेचातली लोखंडी तार काढून टाकायला सांगा. मग एकूण वजन घ्या आणि वहीतल्या आकड्याशी पडताळा.

3. मूस रिकामी आहे ते बघा. त्यात टाकणखार घालतात, तो मळ धरून ठेवतो. त्यात गैर काही नाही. लाखेचे मणी असतील तर लाख जळताना धूर होतो आणि वजन बरंच घटतं. बोरमाळ, साज आणि जुन्या पोकळ तोड्यांत हे होणारच. मात्र भरीव पाटल्यांचं वजन मोठ्या फरकाने घटलं तर तिथेच कारण विचारा.

4. सोनं ओतल्यावर मूस आपल्यासमोर तपासा. कडेला चिकटलेले बारीक थेंब खरवडून लगडीत घ्यायला सांगा. हे मागायला संकोच करू नका.

5. लगड थंड झाली, धुऊन पुसून झाली की तिचं वजन. हा आकडा स्वतः लिहा आणि फोटो काढा.

6. लगडीचा कस दोन्ही बाजूंना आणि तोडलेल्या कडेवर तपासा. आकड्यांत ठळक फरक आला तर सोनं नीट मिसळलेलं नाही. पुन्हा वितळवून ढवळायला सांगा.

सावधान: तुमची लगड नजरेआड जाऊ देऊ नका. आत नेऊन आणलेली लगड तीच आहे हे सांगण्याचं कुठलंही साधन तुमच्यापाशी नसतं.

इथपर्यंत येऊनही आकडा किंवा वागणूक पटली नाही तर लगड घेऊन उठा. आटणीचे पैसे द्या आणि बाहेर पडा. लगडीचा कस हॉलमार्किंग केंद्रात किंवा दुसऱ्या पेढीत पुन्हा तपासता येतो. एकदा आटवलं म्हणजे तिथेच द्यावं लागतं, ही समजूत निव्वळ भिडेपोटी आहे.

टप्पा 8: हिशेब, शुद्ध सोन्यात

आता खरा प्रश्न. सगळा हिशेब शुद्ध सोन्यात करायचा, कॅरेटच्या नावात नाही.

समजा एक लाखेची बोरमाळ आणि दोन पाटल्या मिळून आटणीआधीचं वजन 62.400 ग्रॅम होतं. लाख आणि मळ जाऊन लगड भरली 54.000 ग्रॅम. कस आला 87.50 टक्के. तर शुद्ध सोनं झालं 54.000 × 0.875 = 47.250 ग्रॅम. हे तुमचं. याचं 22 कॅरेट करायचं तर 47.250 भागिले 0.916, म्हणजे 51.583 ग्रॅम. एवढ्या वजनाचा 22 कॅरेटचा दागिना तुमच्याच सोन्यात होऊ शकतो, घडणीतली घट सोडून.

आता चुकीचा हिशेब कसा होतो बघा. ‘ताई, हे 22 निघालं नाही, 20 कॅरेटमध्ये धरू.’ म्हणजे 87.50 चा कस खाली सरकवून 83.3 धरला. 54.000 × 0.833 = 44.982. एका वाक्यात 2.268 ग्रॅम शुद्ध सोनं गेलं. त्यावर ‘नेहमीची 3 टक्के घट’ कापली की आणखी साधारण 1.35 ग्रॅम. साडेतीन ग्रॅमच्या वर सोनं, आणि पावतीवर कुठेही नोंद नाही.

आटणीच्या आधी कापलेली घट समजण्यासारखी आहे, तेव्हा आत काय आहे ते कुणालाच माहीत नसतं. आटवून, वजन करून, कस काढून झाल्यावर घट कशाची? शुद्धीकरणाचा थोडा खर्च पेढीला येतो, तो घेतला तर घ्यावा, पण तो खर्च म्हणून रुपयांत सांगावा.

भाव तपासण्यासाठी इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशनचा त्या दिवसाचा दर बघून जा. त्यात जीएसटी आणि घडणावळ धरलेली नसते. 24 कॅरेटच्या भावाला 0.916 ने गुणलं की 22 चा भाव आला पाहिजे. नव्या दागिन्यासाठी 22 चा भाव याहून चढा लावला असेल तर तो फरक का, ते विचारा.

तपासा: मोडीच्या पावतीवर लगडीचं वजन, कस टक्क्यात, शुद्ध सोनं, धरलेला भाव आणि तारीख या पाचही गोष्टी आहेत का? नसतील तर पावती पुन्हा लिहून घ्या. पुढे आयकराच्या दृष्टीनेही मूळ खरेदीच्या पावत्या आणि ही पावती एकत्र लागतात. जुनं सोनं मोडणं हा करासाठी विक्रीसारखाच व्यवहार धरला जातो, तेव्हा रक्कम मोठी असेल तर आधी आपल्या सीएशी बोला.

टप्पा 9: घडण चालू असताना

ऑर्डरच्या कागदावर नुसतं ‘ठुशी, 25 ग्रॅम’ असं चालत नाही. ठुशीच लिहायची तर मण्यांचा आकार, ओळी किती, मधलं पदक कसं, मागे गोंडा की साखळी, मणी भरीव की लाखेचे, वजन किती ग्रॅम कमी-जास्त चालेल, हे सगळं लिहा. कानातल्याला फिरकी की दाब, नथ चापाची की टोचलेल्या नाकाची, हेही लिहा. फोटो दाखवला असेल तर त्या फोटोची छापील प्रत कागदाला जोडा.

पॉलिश आणि खडे जडवण्याआधी कच्चा दागिना एकदा बघायला बोलावण्याची अट घाला. टप्पा 1 मध्ये लिहिलेल्या तक्रारी इथे पडताळायच्या. फासा डोळे मिटून एका हाताने लावून बघा. कडांवरून ओढणीचं टोक फिरवा. अडकलं तर कडा घासायला सांगा. हार गळ्यात घालून मान वळवा, खाली वाका. या वेळी दुरुस्ती सोपी असते. पॉलिशनंतर कारागीर नाखूश असतो आणि खडे बसल्यावर तर ज्योत लावताच येत नाही. मोती नेहमी शेवटी ओवायचे.

लग्नसराईत घाई टाळा. कार्याच्या किमान दोन महिने आधी ऑर्डर द्या. शेवटच्या आठवड्यात कच्चा नमुना बघायचा टप्पाच गळतो, आणि तो गळला की बाकीची मेहनत वाया.

टप्पा 10: ताबा घेताना

वजन पुन्हा करा. खडे असतील तर एकूण वजन आणि सोन्याचं निव्वळ वजन असे दोन आकडे बिलावर हवेत. भाव निव्वळ वजनालाच लागतो. उरलेलं सोनं किंवा काढलेले जुने खडे परत मागा.

मग भिंग घ्या. हॉलमार्कमध्ये तीन खुणा असतात: बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, कस (उदाहरणार्थ 22K916) आणि अक्षर-आकड्यांचा सहा जागांचा एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा ओळख क्रमांक. 1 एप्रिल 2023 पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचे दागिने विकता येत नाहीत. प्रत्येक नगाचा क्रमांक वेगळा असतो. कानातल्याच्या जोडीत दोन्ही नग बघा. फोनवरच्या बीआयएस केअर ॲपमध्ये तो क्रमांक टाका; दागिन्याचा प्रकार, कस, पेढी आणि हॉलमार्किंग केंद्र दिसतं. तुमच्या हातात पाटली असताना ॲपमध्ये अंगठी दिसली तर दागिना घेऊ नका. 2 ग्रॅमहून हलके नग आणि कुंदन, पोलकी, जडाऊ यांना हॉलमार्कची सक्ती नाही, तिथे बिलावर कस लिहून घेणं हाच आधार.

बिलावर प्रत्येक नगाचं वर्णन, निव्वळ वजन, कॅरेट आणि कस, घडणावळ, हॉलमार्किंगचे पैसे हे वेगवेगळे लिहिलेले असावेत. दोन लाखांच्या वर खरेदी असेल तर पॅन द्यावा लागतो, आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेता येत नाही.

पहिला महिना दागिना घाला, लॉकरमध्ये टाकू नका. ढिली नखी, उकलणारी कडी, टोचणारी फिरकी या गोष्टी वापरातच कळतात, आणि बहुतेक पेढ्या सुरुवातीला अशी दुरुस्ती फुकट करून देतात. अत्तर, मॉइश्चरायझर आधी, मोत्याचा दागिना नंतर. उतरवला की मऊ सुती कापडाने पुसायचा, आणि मोत्यांसोबत हिऱ्याचा दागिना एका डबीत ठेवायचा नाही.

हॉलमार्क असूनही पुढे कस कमी निघाला, तर नियमानुसार वजनावर येणाऱ्या कसातल्या फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च ग्राहकाला मागता येतो. तक्रार बीआयएस केअर ॲपवरूनच करता येते. त्यासाठी बिल, मोडीची पावती, लगडीचा फोटो आणि टप्पा 5 मधली वही एका पाकिटात, दागिन्यापासून वेगळ्या जागी ठेवा.